सहा महिने मलावीला जायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न थोडक्यात असा: मूळचा सोलापूरचा एक डॉक्टर इंग्लंडमध्ये बालरोगाच्या ट्रेनिंगच्या चौथ्या वर्षात आहे. येत्या सप्टेंबरपासून सहा महिने त्याला मलावीतल्या ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलमध्ये काम करायचंय. बायको आणि दोन वर्षांची मुलगी सोबत जातील. व्हिसा हेल्थ अँड केअर वर्करचा, त्याला चार वर्षं होत आली. त्याने विचारलंय की अर्ज कुठे करायचा, डीनरीची, म्हणजे ट्रेनिंग चालवणाऱ्या विभागीय कार्यालयाची, परवानगी कशी मिळवायची, हे महिने ट्रेनिंगमध्ये धरले जातील का आणि खर्च किती येईल.

माझ्या रजिस्ट्रारांच्या, म्हणजे हाताखालच्या ट्रेनी डॉक्टरांच्या, वयाचा दिसतोस, म्हणून अरे-तुरे करते. मी दोनदा अशी गेले आहे आणि गेली बरीच वर्षं ट्रेनीजचे असे अर्ज वाचते आहे. बहुतेक अर्जांत डीनरीची बाजू चोख असते, कारण तो फॉर्म असतो आणि फॉर्म भरायला आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. कोरी असते ती पलीकडची बाजू. तुझ्या चार प्रश्नांच्या आधी एक प्रश्न यायला हवा होता: तिथल्या वॉर्डाला तू हवा आहेस का, आणि हवा असशील तर कोणत्या महिन्यांत?

हे मी खोचकपणे विचारत नाहीये. मी दक्षिण महाराष्ट्रात इंटर्न असताना आमच्या वॉर्डात परदेशातून एक चमू आला होता, दोन आठवड्यांसाठी. माणसं मनापासून चांगली होती. पण ते आले की आम्हा दोघा इंटर्नना त्यांच्यामागे दुभाषी म्हणून फिरावं लागे. तोवर इकडे सलाईनं लावायची राहत, रिपोर्ट आणायचे राहत, सिस्टर आमच्या नावाने शंख करत. त्यांनी पेशंटबरोबर फोटो काढले, आयांना न विचारता. जाताना एक नेब्युलायझर देऊन गेले. त्याचा प्लग आमच्या सॉकेटमध्ये बसत नव्हता, तो कपाटात पडून राहिला. त्या दोन आठवड्यांत आमच्या वॉर्डाने त्यांना शिकवलं, आणि त्याचा खर्चही आमच्याच वॉर्डाने सोसला. पुढे स्वतः पाहुणी म्हणून गेले तेव्हा ते कपाट डोळ्यासमोर होतं.

तर सुरुवात पत्रापासून. क्वीन्समध्ये (तिथे सगळे याच नावाने ओळखतात) जाण्याचा एकच ठरलेला दरवाजा नाही. तिथे कामुझू युनिव्हर्सिटी ऑफ हेल्थ सायन्सेसचा बालरोग विभाग आहे. 2021 च्या आधी ते कॉलेज ऑफ मेडिसिन होतं, जुन्या पत्रव्यवहारात तेच नाव दिसेल. शेजारी मलावी-लिव्हरपूल-वेलकम हा संशोधन कार्यक्रम आहे, 1995 पासूनचा. ब्रिटनमधले बरेच डॉक्टर या दोन्हींपैकी कुठल्या तरी ओळखीने पोचतात. तुझ्या डीनरीत आधी जाऊन आलेला कुणी तरी नक्की असेल. त्याला गाठ, तासभर बोल, आणि विभागाला पत्र लिहिताना त्याचं नाव घे. परक्या माणसाच्या सीव्हीपेक्षा ओळखीच्या माणसाचे दोन शब्द तिथे जास्त उपयोगी पडतात. आपल्याकडे तरी वेगळं काय असतं?

पत्र एका पानाचं असू दे. ‘मला ग्लोबल हेल्थची आवड आहे’ हे वाक्य काढून टाक, ते सगळेच लिहितात. तुला काय येतं ते लिही: नवजात अर्भकांची किती महिने ड्युटी केलीस, रात्री एकट्याने काय सांभाळू शकतोस, काय येत नाही. मग विचार की रोटामध्ये (ड्युटीच्या वेळापत्रकात) कुठे माणूस कमी पडतो, तुझ्यावर देखरेख कोण ठेवेल, आणि तू गेल्यावर ती जागा कोण भरेल. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. सहा महिने एका परदेशी रजिस्ट्रारवर रोटा उभा राहिला आणि सातव्या महिन्यात तिथे भोक पडलं, तर तो न आलेलाच बरा होता असं म्हणायची वेळ येते. आधीचा आणि नंतरचा ट्रेनी सांधून द्यायचा, म्हणजे तीन-चार जणांची साखळी करायची, हे जमलं तर सगळ्यात चांगलं. उत्तराला दोन महिने लागले तर रुसू नकोस. तिथला विभागप्रमुख राउंडही घेतो, रक्तपेढीशीही भांडतो.

महिन्यांबद्दल. मलावीत पाऊस साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. पाऊस सुरू झाला की मलेरिया वाढतो, आणि जानेवारी-फेब्रुवारीत घरातला मका संपलेला असतो आणि नवा आलेला नसतो, तेव्हा कुपोषित मुलं येतात. म्हणजे सप्टेंबरला पोचणं शहाणपणाचं. दोन महिने हात बसतो, औषधांची चिठ्ठी कुठे ठेवतात ते कळतं, आणि वॉर्ड भरतो तेव्हा तू ओझं राहत नाहीस. तीन महिन्यांपेक्षा कमी जाणार असशील तर मी सही करत नाही. आधी सहा आठवडे शिकण्यात जातात आणि शेवटचे दोन निरोपात.

आता तुझा खरा अडसर, जो तू ओघात एका वाक्यात लिहिला आहेस: व्हिसा. आपल्याकडून आलेल्या ट्रेनीजचं इथेच चुकतं, कारण इथले कन्सल्टंट (वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर) ब्रिटिश पासपोर्टवर जाऊन आलेले असतात, त्यांना हा विषय माहीतच नसतो. कायम वास्तव्यासाठी म्हणजे आयएलआरसाठी अर्ज करताना कोणत्याही सलग 12 महिन्यांत देशाबाहेर 180 दिवसांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. 1 सप्टेंबर ते 28 फेब्रुवारी मोजून बघ, 181 दिवस होतात. पूर्ण बाहेर काढलेले दिवसच धरतात, म्हणून जाण्याचा आणि येण्याचा दिवस वगळून 179. वा, जमलं, असं वाटेल. पण त्याच बारा महिन्यांच्या खिडकीत मागची दिवाळी किंवा पुढचं चुलतभावाचं लग्न आलं की गणित कोसळतं. अवलंबून असलेल्या जोडीदारालाही हाच नियम लागतो, म्हणजे बायकोचेही दिवस मोज.

दुसरा फटका त्याहून मोठा आहे. स्पॉन्सरशिपवर, म्हणजे नोकरी देणाऱ्या संस्थेच्या हमीवर, व्हिसा असलेल्या माणसाने कॅलेंडर वर्षात चार आठवड्यांपेक्षा जास्त बिनपगारी रजा घेतली तर स्पॉन्सरला सहसा स्पॉन्सरशिप थांबवावी लागते. बाळंतपण, आजारपण, मानवतावादी संकटात मदत असे काही अपवाद आहेत, पण नेहमीची ठरवून केलेली पोस्टिंग आपोआप त्यात बसेल असं धरू नकोस. हे डीनला किंवा ट्रेनिंग प्रोग्राम डायरेक्टरला विचारून उपयोग नाही. ट्रेनीजची स्पॉन्सरशिप सांभाळणाऱ्या टीमला लेखी विचार आणि लेखी उत्तर घे. फोनवर कुणी ‘हो, चालेल’ म्हणालं तर ते नाही असं समज.

माझं स्पष्ट मत सांगू? यंदा जाऊ नकोस. तू लिहितोस त्यावरून, आत्तापर्यंतच्या नियमाने वर्षभरात तुझा आयएलआरचा अर्ज होऊ शकतो. सेटलमेंटचे नियम बदलायच्या हालचाली 2025 पासून चालू आहेत, म्हणून अर्जाच्या वेळचा नियम वकिलाकडून तपासून घे. एकदा आयएलआर हातात आला की सलग दोन वर्षांपर्यंत बाहेर राहिलास तरी तो टिकतो. मग सहा महिनेच कशाला, दहा-बारा महिने जा. तिथल्या विभागालाही ते जास्त आवडेल. नागरिकत्वासाठी दिवसांचं गणित वेगळं आणि कडक आहे, तो अर्ज तेवढा पुढे जाईल.

मधलं वर्ष वाया जात नाही. लिव्हरपूल किंवा लंडनच्या स्कूलमध्ये ट्रॉपिकल मेडिसिनचा डिप्लोमा करता येतो, पूर्णवेळ केला तर तीन महिन्यांचा. लंडनवाले त्याचा एक वर्ग पूर्व आफ्रिकेतही घेतात. डिप्लोमा केलाच पाहिजे असं नाही, पण रक्ताच्या काचपट्टीवर परजीवी ओळखायची सवय मोडली असेल तर ती परत येते. जागतिक आरोग्य संघटनेचा ईटॅट, म्हणजे आजारी मुलांना दारातच पारखून तातडीचे उपचार सुरू करायचा अभ्यासक्रम, मात्र करच. क्वीन्समध्येच बालरुग्ण येताक्षणी पारखायची पद्धत बसवून वॉर्डातले मृत्यू कमी केले गेले होते, त्यामुळे तिथली सगळी भाषा त्यातलीच आहे.

परवानगीचं आता पटकन सांगते, कारण हे सगळीकडे लिहिलेलं सापडतं. तुला ‘आउट ऑफ प्रोग्राम’ म्हणजे ओओपी मागायचं आहे. त्यात अनुभवासाठीचा प्रकार, ओओपीई, सोपा आहे. तो सीसीटीमध्ये (तज्ज्ञ म्हणून ट्रेनिंग पूर्ण झाल्याच्या प्रमाणपत्रात) धरला जात नाही, तुझी सीसीटीची तारीख तेवढी पुढे जाते, ट्रेनिंग नंबर मात्र टिकतो. ट्रेनिंग म्हणून धरायचा असेल तर ओओपीटी, आणि त्याला जीएमसीची, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या ब्रिटनच्या कौन्सिलची, मंजुरी जाण्याआधी हवी, मागाहून मिळत नाही. माझा सल्ला, पहिल्या खेपेला ओओपीई घे. ओओपीटीच्या नादात तिथल्या कन्सल्टंटला तुझे पोर्टफोलिओचे फॉर्म भरत बसावं लागतं, आणि त्याच्याकडे वेळ नाही. सूचना किमान तीन महिने आधी द्यायची, बहुतेक डीनरी सहा मागतात, तू नऊ दे. शेवटच्या वर्षात सहसा देत नाहीत. बाहेर असतानाही वार्षिक एआरसीपीचे (ट्रेनिंगमधल्या प्रगतीच्या आढाव्याचे) कागद भरायचे असतात. एका मुलीने ते विसरून परत आल्यावर चार महिने नुसत्या ईमेली केल्या.

तिकडचे कागद दोन वेगळे आहेत आणि लोक ते एकच समजतात: मेडिकल कौन्सिल ऑफ मलावीची तात्पुरती नोंदणी आणि तात्पुरता कामाचा परवाना. टुरिस्ट म्हणून विमानतळावर शिक्का घेऊन वॉर्डात उभं राहायचं नाही. तसं करून ‘काही होत नाही’ सांगणारे भेटतील. उद्या तुझ्या हातून मूल दगावलं तर कायद्याने तू कोण, हा विचार कर. जीएमसीकडून करंट प्रोफेशनल स्टेटसचं सर्टिफिकेट लागतं, ते तीन महिनेच चालतं, म्हणून हौसेने फार आधी मागवू नकोस. एनएचएसचं (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचं) इंडेम्निटी कव्हर, म्हणजे चुकीबद्दल दावा झाला तर मिळणारं संरक्षण, तिथे लागू नाही. स्वतःच्या डिफेन्स ऑर्गनायझेशनला (डॉक्टरांना कायदेशीर संरक्षण देणाऱ्या संस्थेला) लिहून कळव आणि त्यांचं उत्तर जपून ठेव.

कागद झाले. आता जे मला खरं सांगायचंय ते.

2007 साली मी आफ्रिकेतल्या एका जिल्हा रुग्णालयात होते. रात्री एक तीन वर्षांचा मुलगा आला: ताप, हातपाय गार, नाडी बारीक, पांढराफटक. इथल्या शिकवणीप्रमाणे माझे हात आपोआप चालले. शिरेची वाट केली, किलोला 20 मिली सलाईन ढकललं. तिथला क्लिनिकल ऑफिसर, म्हणजे तीन वर्षांचं शिक्षण घेतलेला आणि त्या रुग्णालयाचा निम्मा भार वाहणारा माणूस, हळूच म्हणाला, ‘मॅडम, आधी रक्त बघू या.’ मी कन्सल्टंट होण्याच्या वाटेवर होते. ऐकलं नाही. मलेरियाने हिमोग्लोबिन चारच्या खाली गेलेलं होतं. पहाटेपर्यंत फुप्फुसात पाणी भरून ते मूल गेलं. सलाईनने गेलं की मलेरियाने, हे मी कधीच सिद्ध करू शकणार नाही.

2011 मध्ये फीस्ट ट्रायल ही मोठी वैद्यकीय चाचणी आली. केनिया, युगांडा आणि टांझानियातली 3,141 तापाने गंभीर झालेली, रक्ताभिसरण मंदावलेली मुलं. बोलस, म्हणजे शिरेतून एकदम भराभर द्रव, दिलेल्यांपैकी 48 तासांत साधारण साडेदहा टक्के दगावली, न दिलेल्यांपैकी 7.3 टक्के. आपण ज्याला जीव वाचवणारी पहिली पायरी म्हणून घोकतो, ती तिथे जीव घेत होती. मी तो पेपर गाडीत बसून वाचला आणि बराच वेळ गाडी सुरू केली नाही.

म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते: पहिले दोन आठवडे तुझे हात खिशात. तिथल्या नर्स आणि क्लिनिकल ऑफिसर काय करतात आणि का करतात ते बघ. ‘आमच्याकडे असं करतात’ हे वाक्य पहिला महिना तोंडातून निघता कामा नये. त्याचबरोबर उलटंही लक्षात ठेव. तिथे तुझ्या डोक्यावर कुणी नाही म्हणून जे इथे एकट्याने करत नाहीस ते तिथे करायचं नाही. तिथल्या मुलांवर हात साफ करून घ्यायला आपण जात नाही. तुझ्याआधी शंभर जणांनी हे केलंय आणि त्याला ‘अनुभव’ म्हटलंय.

मृत्यूंबद्दल कुणी आधी सांगत नाही. इंग्लंडमध्ये एक मूल गेलं तर बैठका होतात, आढावा होतो, टीमची विचारपूस होते. तिथे पावसाळ्यात एका रात्रीत दोन-तीन जातात आणि त्याच खाटेवर पुढचं येतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात माणूस एक तर चिडका होतो नाही तर गप्प. इथला कुणी एक कन्सल्टंट ठरवून ठेव, दर रविवारी अर्धा तास फोन. कामाचं बोलायचं नाही, नुसतं बोलायचं.

मुलगी दोन वर्षांची आहे, त्यावर मी तुझ्या बायकोशी थेट बोलेन, पण दोन गोष्टी आत्ताच. मलेरियाची प्रतिबंधक गोळी दोन वर्षांच्या मुलीला रोज, सहा महिने भरवून बघायची तयारी हवी. मच्छरदाणी आणि संध्याकाळची लांब बाह्यांची कापडं तितकीच कामाची. गंभीर आजारात जोहान्सबर्गला हलवता येईल असा विमा घे आणि त्यातली बारीक अक्षरं वाच. आणि मलेरियापेक्षा मला रस्त्याची भीती वाटते: अंधार पडल्यावर शहराबाहेर गाडी न्यायची नाही, कुणाचाही आग्रह असला तरी. तुझ्यासाठी: सुई टोचली तर एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं जितक्या लवकर तितकी बरी, 72 तासांनंतर अर्थ नाही. पहिल्या काही दिवसांचा साठा सोबत ने. टीबीसाठी मास्कही.

आपल्या लोकांसाठी एक खास गोम आहे. नैरोबी किंवा अदिस अबाबामार्गे परस्पर पुण्या-मुंबईला घरी जायचा बेत असेल तर पीतज्वराच्या लसीचं सर्टिफिकेट खिशात ठेव, आणि लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घे. भारत यात कडक आहे. पीतज्वराच्या देशातून सर्टिफिकेटशिवाय आलास तर सहा दिवस वेगळं ठेवू शकतात. आई शिधा भरून वाट बघत बसेल आणि तू विमानतळाजवळच्या खोलीत.

खर्चाचा आकडा मी देत नाही, कारण तो चार महिन्यांत शिळा होतो. नोव्हेंबर 2023 मध्ये क्वाचाचं, म्हणजे तिथल्या चलनाचं, 44 टक्के अवमूल्यन झालं ते एका रात्रीत. हिशोब असा मांड: बुडालेला पगार, इथल्या घराचं भाडं, तिथलं भाडं, तिकिटं, विमा, दोन्हीकडच्या फिया, आणि या सगळ्यावर एक चतुर्थांश जास्त. पेट्रोलच्या रांगा आणि वीज जाणं धरून चाल. त्यात तू सोलापूरचा, वीज जाण्याचं तुला नवल नाही.

चिचेवा शीक. ‘मुली ब्वांजी’ (कसे आहात) आणि ‘झिकोमो’ (आभारी) एवढ्यावर आयांचे चेहरे बदलतात. आणि एक ऐकून ठेव. तुला तिथे गोऱ्यांसारखं ‘अझुंगू’ म्हणणार नाहीत, ‘अम्वेन्ये’ म्हणतील, म्हणजे भारतीय लोक. ब्लँटायर आणि लिंबेमध्ये पिढ्यान्‌पिढ्या गुजराती दुकानदार आहेत. तूरडाळ मिळेल, मोहरी मिळेल, पण त्या शब्दाबरोबर दुकानदार आणि गडी यांच्यातला जुना ताणही येतो. तू डॉक्टर असलास तरी काही घरांत तो ताण तुझ्याआधी पोचलेला असेल. वाईट वाटून घ्यायचं नाही, नोकरमाणसांशी नीट वागायचं.

कुणी विचारेल, मग मेळघाटात का नाही, गडचिरोलीत का नाही? विचारण्यासारखंच आहे. अभय आणि राणी बंग यांच्या कामातून घरच्या घरी नवजात अर्भकाची काळजी घ्यायची पद्धत उभी राहिली, तिचा 1999 चा लॅन्सेटमधला पेपर क्वीन्सच्या वाचनालयातही लोक ओळखतात. भारतात तुला कामाचा परवाना लागत नाही, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी जिवंत असली की झालं. पण भाषा येते म्हणून ते सोपं जाईल असं समजू नकोस: मेळघाटात कोरकू आहे, भामरागडकडे माडिया, आणि सोलापूरचं मराठी तिथेही दुभाष्याच्या मार्फतच पोचतं. आयएलआरच्या दिवसांचं गणित तिथेही हेच.

आणि परतफेड. तिथल्या एखाद्या रजिस्ट्रारला इथे यायचं असेल तर मेडिकल ट्रेनिंग इनिशिएटिव्ह नावाची योजना आहे, 24 महिन्यांपर्यंत. तुझ्या हॉस्पिटलने अशी एक जागा काढावी म्हणून जाण्याआधीच क्लिनिकल डायरेक्टरच्या मागे लाग. तिथे ऑडिट केलंस तर तिथल्या एथिक्स कमिटीची परवानगी, आणि पेपरवर पहिलं नाव तिथल्या माणसाचं. फोटो काढू नकोस.

बॅगेत काय न्यावं हे तू विचारलं नाहीस, पण सगळे शेवटी विचारतातच. डोक्याला लावायचा दिवा. मुलांच्या बोटांना बसणारा पल्स ऑक्सिमीटर, दोन, आणि त्याच्या बॅटऱ्या भरपूर. खिशातली छोटी वही, कारण संगणक बंद असतो. पेनं डझनभर, पहिल्याच आठवड्यात सगळी मागून नेली जातात. यंत्रं मात्र नेऊ नकोस. वॉर्डाला काय हवं ते सिस्टर इन चार्जला आधी विचार, आणि तिने साधी नाकातली ऑक्सिजनची नळी सांगितली तर तीच ने, दोनशे ने.